पासबुक कोणाचं ते तरी बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीत जंगलाच्या श्वासोच्छ्वासावर मोठा लेख छापलात, अर्धं पान भरून, वर्षातून एकदा तरी हा विषय पेपरात आला म्हणून मी खूश होऊन वाचायला बसलो, आणि आलेखाखालची ओळ वाचून चष्मा दोनदा पुसला. 'दिवसा जंगल कार्बन गमावतं, रात्री कमावतं.' अहो, बरोब्बर उलटं आहे! एवढं उलटं की चुकून सुद्धा लिहिता येणार नाही, त्यासाठी आलेख नीट बघावा लागतो.

झालं काय, तर दुपारी रेघ शून्याच्या खाली गेलेली दिसली आणि तुमच्या लेखकांनी उणे म्हणजे तोटा असं धरलं. पण ते पासबुक हवेचं आहे हो, जंगलाचं नाही. हवेतून गेलं ते उणे, हवेत आलं ते अधिक. दुपारी ऊन असतं, पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, म्हणून उणे. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, पण झाडांचा आणि मातीतल्या जिवाणू-बुरशीचा श्वास चालूच, म्हणून अधिक. रात्री झाडाखाली झोपू नकोस म्हणणाऱ्या आमच्या आजीला हे ठाऊक होतं (भुतांचा भाग सोडून द्या).

मला एवढा राग यायचं कारण म्हणजे ज्याच्यावरच्या यंत्रांतून असे आलेख निघतात अशा रानातल्या टॉवरवर मी स्वतः दोन वर्षं मदतनीस होतो. शास्त्रज्ञ वगैरे नाही, दर आठवड्याला वर चढायचं, सेन्सरची काच पुसायची, कोळ्याची जाळी काढायची, खाली येऊन वहीत वेळ लिहायची. वर नखं बाहेर काढलेल्या पंजासारखं एक यंत्र असतं, ते आवाजाच्या लहरींवरून वारा मोजतं, वर जाणारा, खाली येणारा, आडवा, सगळा, आणि शेजारचं दुसरं यंत्र त्याच हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मोजतं, सेकंदाला १० नाहीतर २० वेळा. वाऱ्याचे छोटे छोटे भोवरे वर जाताना काय घेऊन गेले आणि खाली येताना काय घेऊन आले याचा अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशोब. बस, एवढंच आहे ते. पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी ऐकून ऐकून जमवलं.

एकदा एक शेळ्या चारणारे बाबा टॉवरखाली येऊन उभे राहिले आणि आमच्या सरांना म्हणाले, एवढा उंच टॉवर आहे तरी इथे रेंज का येत नाही. सर म्हणाले, "हा मोबाईलचा नाही, एडी कोव्हेरियन्सचा आहे," (भोवऱ्यांच्या त्या हिशोबाचं हे शास्त्रीय नाव) आणि लॅपटॉप उघडून बसले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाबा, हे रान किती खातं आणि किती पाणी सोडतं त्याचा हिशोब ठेवतोय आम्ही. त्यावर ते म्हणाले, "मग किती खातं?" आणि मला माहीत नव्हतं! दोन वर्षं काच पुसत होतो आणि मला आकडा माहीत नव्हता. सरांना विचारलं तर म्हणाले पेपर येईल, म्हणजे शोधनिबंध. आला पेपर, मी नोकरी सोडल्यावर आला, इंग्रजीत, आणि त्यात अर्धा भाग गाळलेला डेटा कसा भरून काढला याचाच. तो आकडा मी बाबांना कधीच सांगू शकलो नाही, ते अजून बोचतं.

त्यांचा खरा प्रश्न पाण्याचा होता, ओढ्याचं पाणी ही झाडं पिऊन टाकतात का. तुमच्या लेखात पाण्याचं नावसुद्धा नाही, आणि तेच यंत्र त्याच क्षणी दोन्ही मोजतं! पानाला कार्बन हवा तर पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, उघडावी लागतात, आणि उघडली की एका कार्बन डायऑक्साइडच्या रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू बाहेर जातात. माती कोरडी पडली की झाड रंध्रं मिटून घेतं, पाणी वाचतं पण कार्बनची आवकही थांबते. २००३ साली युरोपात उन्हाची लाट आली तेव्हा झाडांची कार्बन घ्यायची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी पडली, हे टॉवरांच्या नोंदी वापरून केलेल्या २००५ च्या अभ्यासातून कळलं. ही बातमी आहे ना? की ऑक्सिजनचा कारखाना, पृथ्वीची फुप्फुसं हेच अजून दहा वर्षं चालवायचं?

आणि लेखात 'अचूक' हा शब्द चार वेळा आहे, मोजला मी. वारा पडलेल्या रात्री हीच यंत्रं कमी मोजतात, त्या रात्रींचा बराच डेटा फेकून अंदाजाने भरावा लागतो. ते सांगितलं तर विश्वास कमी होत नाही, उलट वाढतो असं मला वाटतं.

दोष एकट्या लेखकांचा नाही, हेतू चांगलाच होता त्यांचा. शास्त्रज्ञ मंडळी आलेख पाठवतात आणि उणे म्हणजे काय हे एका ओळीत लिहायला विसरतात. फ्लक्सनेट म्हणून जगभरच्या टॉवरांचं जाळं १९९७ पासून आहे, २१२ ठिकाणांच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या आणि त्यातल्या बहुतेक मोकळ्या केल्यात, कोणीही उतरवून घ्या. पण मोकळ्या कोणासाठी? ज्याला आधीच कळतं त्याच्यासाठी. बाबांसाठी नाही आणि, दिसतंच आहे, तुमच्या पुरवणीसाठीही नाही.

तेव्हा दुरुस्ती छापा ही विनंती, आणि लेख होता त्याच पानावर छापा, नोटिसांच्या खाली मुंगीच्या अक्षरात नको. जाता जाता आणखी एक, माझं मागचं पत्र छापताना तुम्ही एका वाक्यातला 'नाही' गाळलात आणि मी ज्याच्या विरोधात लिहिलं होतं त्याचाच समर्थक ठरलो, आठवडाभर लोक अभिनंदन करत होते. म्हणून या वेळी 'उणे' अक्षरात लिहिलंय, चिन्ह कुठेही वापरलेलं नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार