टॅप मोडायच्या आधी हाताला कळतं, मॅडम

स. न. वि. वि.

मॅडम, नातीच्या कानाच्या ऑपरेशनवरून त्या संध्याकाळी तुमच्या केबिनमध्ये मी जो वाद घातला, त्याची आधी माफी मागतो. आभार त्यानंतर.

नाशिकला सातपूरच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवतात तिथे, माझी 32 वर्षं गेली. नातीला ऐकू येत नाही, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत तार सरकवून ऐकू आणणारं उपकरण, बसवावं लागेल, हे कळलं तेव्हा घरात रडारड चालली होती आणि मी मोबाइलवर रोबोट शोधत बसलो होतो. स्वित्झर्लंडात बर्नला 2016 साली रोबोटने कानामागच्या हाडातून वाट पाडली आणि त्या वाटेने इम्प्लांट बसवलं गेलं, हे वाचल्यावर तर हट्टालाच पेटलो. आमच्या पोरीच्या कानात माणसाचा थरथरणारा हात कशाला? आयुष्यभर मायक्रॉन मोजलेत मी, मला शिकवू नका, असंही काहीबाही बोललो.

ओपीडी संपली होती, खाली कॉलेज रोडवर हॉर्नचा गोंगाट. तुम्ही ड्रॉवरमधून नमुन्याची तार काढून माझ्या तळहातावर ठेवलीत. शेवयीच्या तुकड्यासारखी, टोकाला अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, अंगावर प्लॅटिनमचे ठिपके. कानाच्या आतल्या वाटाण्याएवढ्या, अडीच वेटोळ्यांच्या शंखात ती सरकवायची! मी विचारलं, फीड किती? फीड म्हणजे हत्यार आत सरकण्याचा वेग, हे आधी तुम्हाला समजावावं लागलं. मग तुम्ही म्हणालात, यंत्र सेकंदाला 0.1 मिलिमीटर इतकं हळू जाऊ शकतं. म्हणजे मिनिटाला 6 मिलिमीटर. तारेचे 25 मिलिमीटर आत जायला चार मिनिटांच्या वर, तेही एका लयीत. आमच्या चांगल्या फिटरलाही ते जमणार नाही.

पण मला खरं हलवलं ते पुढच्या वाक्याने. आतल्या नाजूक पडद्याला इजा करणारा जोर इतका कमी असतो, की सर्जनच्या बोटांना तो जाणवेलच असं नाही. टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मोडायच्या आधी हाताला कळतं, आमचा अर्धा धंदा त्यावर चालतो. इथे हाताला पत्ताच नाही.

म्हणजे माझंच बरोबर, असं वाटून मी खुर्चीत सरसावून बसलो. तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत, तार सरकवणाऱ्या अशा एका यंत्राला अमेरिकेत 2021 मध्ये परवानगी मिळाली ती 12 वर्षांपासून पुढच्यांसाठी, आणि तुमची नात पावणेदोन वर्षांची. यंत्राची वाट बघाल तर तिचं बोलायला शिकायचं वय हातचं जाईल. शिवाय कुठून शिरायचं, कुठे थांबायचं, हे रोबोट लावला तरी सर्जनच ठरवतो.

‘काळजी करू नका, सगळं छान होईल’ म्हणून तुम्हाला मला पाच मिनिटांत वाटेला लावता आलं असतं. यंत्र कुठे सरस आहे तेही तुम्ही लपवलं नाहीत, म्हणूनच बाकीचं पटलं. सून तर अजून म्हणते, बाबांना गप्प बसवणारी पहिली बाई.

ऑपरेशन हातानेच झालं, नीट झालं. इम्प्लांटचं मशीन सुरू केलं त्या दिवशी नातीच्या तोंडात बिस्कीट होतं. तुम्ही टाळी वाजवलीत आणि तिचं चावणं थांबलं. मग ती मोठ्याने रडली, आणि आम्ही सगळे येड्यासारखे हसत होतो. त्यानंतर आठवड्यातून दोनदा थेरपी, घरी रोज तेच तेच शब्द. ते श्रेय तुमचं आणि सुनेचं, मी नुसता रिक्षाचा सोबती.

यंदा गणपतीत पंचवटीत ढोलपथक अगदी अंगावर आलं. नातीने डोक्यावरची कॉइल, म्हणजे इम्प्लांटला आवाज पोहोचवणारी बाहेरची चकती, स्वतःच काढली, माझ्या शर्टाच्या खिशात टाकली आणि ढोल लांब गेल्यावर हात पुढे करून म्हणाली, ‘आजोबा, द्या.’

आपला,
फीडवाला आजोबा