"मानेखाली हात द्या" म्हणणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक आहे, परंतु आपल्या नोकरीला नसता त्रास नको म्हणून ते येथे लिहीत नाही. त्या रात्री रुग्णालयात स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलेले आमचे बाळ माझ्या हाती देताना आपण हळू आवाजात म्हणालात, "मानेखाली हात द्या." बाळ पोटातच गेले होते. सहावा महिना नुकताच लागला असल्यामुळे ते दोन तळहातांत मावेल एवढेच होते, आणि त्याच्या मानेला आता इजा होण्याचा प्रश्नच उरला नव्हता. तरीही पहिलटकरणीच्या गोंधळलेल्या नवऱ्याला जे सांगतात, तेच आपण मला सांगितलेत आणि मीही तसाच हात दिला. तोपर्यंत मला कोणीही बाप म्हणून वागवले नव्हते.

पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत बाळाला गंभीर व्यंग असल्याचे दिसले, तेव्हा आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जात होतो. त्यांनी फाइलवरून नजरही न उचलता गर्भपाताचा सल्ला दिला. १९७१ च्या कायद्यातील २० आठवड्यांची मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने अशा कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाढवली आहे, तेव्हा घाई नाही पण उशीरही करू नका, असे ते म्हणाले. आम्ही कॅथलिक आहोत. गर्भधारणेच्या क्षणापासून ते मूल देवाचे आहे, ते जितके दिवस जगेल तितके दिवस आमच्याकडे राहील, असे आम्ही नम्रपणे सांगितले. त्यानंतर तेथे आमच्याशी अडाण्यांशी बोलावे तसे बोलले गेले. कायदा काय म्हणतो ते आम्ही विचारलेच नव्हते. बाळाला त्रास होत असेल का, एवढेच माझ्या पत्नीने विचारले होते, आणि त्याचे उत्तर आम्हाला शेवटपर्यंत मिळाले नाही.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत, बाहेर जगू शकण्याच्या वयाआधी गेलेला गर्भ पिवळ्या पिशवीतून नष्ट करायला पाठवायच्या कचऱ्यात मोडतो. नियम संसर्ग टाळण्यासाठी आहे, हे मला समजते. पण ती पिशवी घेऊन माणूस दाराशी आला तेव्हा आपण त्याला केवळ मान हलवून परत पाठवलेत. पुढे कोणाच्या सह्या आणल्यात, कोणाची बोलणी खाल्लीत, ते आपणच जाणे.

आमच्या माणसांबद्दलही लिहिले पाहिजे. बाप्तिस्मा झालेला नाही, मग दफनविधी कशाचा करता, असे आमच्याच धर्मग्रामातील (पॅरिशमधील) एक ज्येष्ठ गृहस्थ दारात उभे राहून म्हणाले. बाळ येशूला संपवण्यासाठी हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा बाप्तिस्मा कोठे झाला होता? तरी ख्रिस्तसभा (चर्च) २८ डिसेंबरला त्यांचा सण पाळते आणि त्यांना हुतात्मे मानते. बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलांना देवाच्या दयेवर सोपवावे, असे धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे, आणि ज्यांच्या आईवडिलांना बाप्तिस्मा द्यायचा होता अशा मुलांचा विधी महागुरूंच्या (बिशपांच्या) परवानगीने करता येतो. आमच्या फादरांनी तो केला. गर्भपाताविरुद्धच्या मोर्चात फलक धरणारे काही जण मात्र आमच्या घराकडे फिरकलेही नाहीत, याचे मला अजून वाईट वाटते.

त्याच रात्री शेजारच्या खोलीतील एका मुलीला तिचे नातेवाईक बाहेरच्या बाकावर बसून नावे ठेवत होते, आणि ती काय करून आली आहे हे साऱ्या मजल्याला ऐकू जात होते. आपण त्यांना खाली पाठवलेत आणि तिच्या उशाशी बराच वेळ बसलात. गर्भपाताने एक जीव जातो, हे माझे मत कालही होते आणि आजही आहे. पण पोटातले मूल हे मूलच असेल, तर त्या मुलीचे रडणेही आईचेच रडणे होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या परिपत्रकात अशा स्त्रियांना आशा सोडू नका असे लिहिले, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार जगभरातील सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. हे सर्व मी वाचलेले होते. आपण वाचले असण्याचे काही कारण नाही. आपण आमच्या धर्माच्या नाही. फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला जाते, एवढेच आपण एकदा बोलता बोलता सांगितले होते. चांगुलपणाला एखाद्या धर्माचा दाखला लागत नाही, हे आपल्या नाशिकमध्ये खरे तर सांगावे लागू नये. तरी सांगतो, कारण उपदेश करणारे आम्हाला भरपूर भेटले आणि बाळाला नीट धरणाऱ्या आपण एकट्याच भेटलात.

२ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमीत सायंकाळी प्रार्थना असते. माझ्या पत्नीने आपल्याला आग्रहाने बोलावले आहे. त्या दिवशी आपली रात्रपाळी असेल तर फोनवर तसे कळवावे. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळी सुटायच्या वेळी, आपल्याला भेटायला येऊ.

आपला ऋणी,
एक बाप, नाशिक