वेळापत्रकात पावसाळाही धरा

संपादक महोदय,

बांधकाम रखडले की गोव्यातल्या कंत्राटी कार्यालयांत खापर हमखास सॉफ्टवेअरवर फुटते. कामाचे वेळापत्रक आखणारा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट भलत्याच तारखा दाखवतो ही तक्रार खरी आहे, पण बहुतेकदा चूक सुरुवातीच्या मांडणीतच झालेली असते.

त्यातले तयार कॅलेंडर शनिवार-रविवार सुट्टीचे असते. साइटवर शनिवारी काम चालते म्हणून शनिवार चालू केला जातो, पण आठवड्याचे 40 तास 48 करायचे राहतात. मग ‘1 आठवडा’ लिहिले की सहाऐवजी पाचच दिवस धरले जातात. 3 डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, 19 डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन आपणच भरायचा असतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) तर स्थानिक सुतार, इलेक्ट्रिशियन सरकारी सुट्टी संपली तरी फिरकत नाहीत. तेही दिवस धरा. जून ते सप्टेंबर पायाखोदाई आणि बाहेरचा गिलावा यांना वेगळे टास्क कॅलेंडर (फक्त त्या कामापुरते कॅलेंडर) द्यावे. सगळ्याच प्रकल्पाला पावसाळी सुट्टी लावली तर आतले वायरिंगही विनाकारण ऑक्टोबरात जाते.

सर्वांत महागात पडते ते स्लॅबचे. साधे पोर्टलंड सिमेंट आणि 4.5 मीटरपेक्षा जास्त स्पॅन (दोन आधारांमधले अंतर) असेल तर आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे खालचे प्रॉप, म्हणजे टेकू, किमान 14 दिवस ठेवायचे. काँक्रीट रविवारीही ताकद धरत असते. पण लॅगच्या, म्हणजे दोन कामांमध्ये थांबायच्या मुदतीच्या, रकान्यात ‘14 डी’ (14 दिवस) लिहिले की सॉफ्टवेअर फक्त कामाचे दिवस मोजते आणि पाच दिवसांच्या आठवड्यात त्याचे 18 ते 20 दिवस होतात. तिथे ‘14 ईडी’ हवे, म्हणजे सुट्ट्या धरून सलग 14 दिवस मोजले जातात. चार स्लॅब एकामागोमाग जोडलेले असतील तर कागदावर दोन-तीन आठवडे उगाच वाढतात आणि मे महिन्यात आटोपणारे काम भर पावसात जाऊन पडते.

साहेबांनी सांगितलेली तारीख सुरुवातीच्या रकान्यात टाइप केली की ‘याआधी सुरू नको’ असे बंधन बसते. आधीचे काम लवकर उरकले तरी पुढचे अलीकडे येत नाही. शिवाय ‘टक्के पूर्ण’ हा आकडा गेलेल्या मुदतीचा असतो. दहा दिवसांच्या गिलाव्याला 50 टक्के म्हणजे पाच दिवस गेले, भिंत अर्धी झाली असे नव्हे.

निविदेसोबत वेळापत्रक मागणाऱ्या खात्यांनी छापील बार चार्टवर समाधान मानू नये. मूळ फाइल मागून कॅलेंडर आणि लॅग आधी तपासावेत. साइट सुपरवायझरला मात्र तीनच गोष्टी विचारा: काम कधी सुरू झाले, आज किती चौरस मीटर झाले, अजून किती दिवस लागतील. बाकीचे रकाने कार्यालयाने भरावेत.

– एक नियोजन अभियंता, फोंडा