पट्टी बदलण्यापूर्वी व्होल्टेज मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ताडोबाच्या मोहर्ली आणि कोलारा या प्रवेशद्वारांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर स्वयंपाकाची व झोपण्याची सोय असलेल्या कॅम्पर गाड्या आता अधूनमधून दिसतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यानंतर माझ्या पुतण्यानेही एक जुनी मिनी बस घेऊन तशी गाडी बांधून घेतली. तिच्या एका बाजूला गुंडाळून ठेवायचे आणि हवे तेव्हा ओढून उघडायचे कापडी छत आहे. गॅरेजवाले त्याला ऑनिंग म्हणतात, आमच्या घरी मात्र त्याला ‘मांडव’ हेच नाव पडले आहे. या मांडवाच्या कडेला लावलेली चार मीटरची एलईडी पट्टी चौदा महिन्यांत दोनदा जळाली, आणि दोन्ही वेळा दुकानातून एकच उत्तर मिळाले, की या मालाला गॅरंटी नसते. तिसऱ्या वेळी पट्टी बदलण्याचे काम मी स्वतः हाती घेतले. त्यात जे आढळले ते केवळ कॅम्परवाल्यांच्या उपयोगाचे नाही, कारण याच पट्ट्या आपल्याकडे वरातीच्या गाडीवर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरही सर्रास लावल्या जातात.

दोष पट्टीत कमी आणि तिला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये अधिक होता. पट्टीवर १२ व्होल्ट असे छापलेले असते आणि गाडीची बॅटरीही १२ व्होल्टचीच म्हणवते, म्हणून दोन तारा थेट जोडून दिल्या जातात. प्रत्यक्षात इंजिन चालू असताना, किंवा टपावरचे सौर पॅनल बॅटरी भरत असताना, तिच्या टोकांवर १४.४ व्होल्टपर्यंत मिळतात. वाढ २० टक्क्यांचीच असल्यामुळे ती कोणाला खटकत नाही, परंतु पट्टीची रचना पाहिली की तिचा परिणाम कळतो. पट्टीत तीन-तीन दिव्यांचा एक गट असून प्रत्येक गटाबरोबर प्रवाहाला आवर घालणारा एक रेझिस्टर असतो. तिन्ही पांढऱ्या दिव्यांना मिळून साधारण साडेनऊ व्होल्ट लागतात आणि उरलेले अडीच रेझिस्टरच्या वाट्याला येतात. व्होल्टेज १४.४ झाले, तरी दिवे आपला वाटा फारसा वाढवत नाहीत. जवळजवळ सगळी वाढ रेझिस्टरवर पडते, त्यामुळे प्रवाह दीडपटीच्या वर जातो आणि रेझिस्टरमधली उष्णता जवळपास तिप्पट होते. त्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा! नवतप्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना मांडव ज्यात गुंडाळला जातो त्या उन्हात तापलेल्या अॅल्युमिनियम पेटीला हात लावता येत नाही, आणि दिवसा बटण चुकून चालू राहिले, तर भर उन्हात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पुतण्याची पहिली पट्टी बहुधा अशीच गेली असावी, जरी तो हे मान्य करत नाही.

म्हणून या वेळी पट्टीच्या आधी स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी रेग्युलेटर बसवला. मीटरला ६० दिवे असलेली ही पट्टी मीटरमागे १४.४ वॅटची आहे, म्हणजे चार मीटरला सुमारे ५८ वॅट, अर्थात जवळपास पाच अँपिअर. रेग्युलेटर दहा अँपिअरचा घेतला, जेणेकरून तो उन्हाळ्यातही निवांत राहील. आधीच्या कारागिराने स्पीकरची बारीक तार वापरली होती आणि फ्यूज तर लावलाच नव्हता. कापडाला लागून असलेल्या तारेला फ्यूज नसणे हा प्रकार मला पट्टी जळण्यापेक्षा गंभीर वाटतो. आता अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि बॅटरीजवळ साडेसात अँपिअरचा फ्यूज आहे. शिवाय पट्टीला वीज दोन्ही टोकांनी दिली, कारण एकाच टोकाने दिल्यास दुसरे टोक मंद पडते.

चिकटवण्याचे काम वाटते तितके सोपे नाही. जुना गोंद रॉकेलने निघतो, पण त्याचा तेलकट थर स्पिरिटने पुसून काढला नाही, तर नवी पट्टी आठवडाभरही टिकत नाही. मी पट्टी उघड्या पेटीवर न चिकटवता अॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवली. त्यामुळे उष्णताही पसरते. पट्टी कापायची ती तिच्यावरील कात्रीच्या खुणेवरच, आणि जोड डाग देऊन (सोल्डर करून) करावा. दाबून बसवायच्या क्लिपा आमच्या पांदण रस्त्यांच्या धक्क्यांनी सैल होतात. टोक बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळावे, कारण ते तांब्याला गंज आणते. रंग पिवळसर, ३००० केल्विनचा निवडला, कारण निळसर पांढऱ्या उजेडावर पावसाळ्यात इतके किडे येतात की ताटात भात कोणता आणि पाखरे कोणती ते कळत नाही.

माझी तक्रार विक्रीच्या पद्धतीबद्दल आहे. पट्टी रिळावरून मीटरने कापून दिली जाते, आणि ती किती व्होल्टेजपर्यंत चालेल, मीटरमागे किती वॅट घेईल, पाण्यापासून संरक्षणाचा तिचा दर्जा काय, यांपैकी एकही गोष्ट ग्राहकाच्या हाती कागदावर येत नाही. हे तीन आकडे दुकानदारांनी बिलावर लिहून द्यावेत, आणि कॅम्पर बांधणाऱ्यांनी रेग्युलेटर व फ्यूज आपल्या कोटेशनमध्येच धरावेत. पुतण्याकडून मूळ कामाचे जे पैसे घेतले गेले, त्यात हे दोन्ही सहज बसले असते.

नवी पट्टी गेला संपूर्ण उन्हाळा टिकली आहे. मात्र पाऊस सरेपर्यंत मी तिला उत्तीर्ण करणार नाही.

आपला,
तारतंत्री (वायरमन) व्यवसायाचा एक निवृत्त शिल्प निदेशक
ता. भद्रावती, जि. चंद्रपूर