चीनमधल्या शीआन शहरातल्या काकांना

आदरणीय काका,

तुमची नात हे पत्र तुम्हाला चिनी भाषेत वाचून दाखवणार आहे, म्हणून मी मोकळेपणाने मराठीतच लिहिते.

माझ्या बाबांनी नाशिक जिल्ह्यातल्या शाळेत 31 वर्षं इतिहास शिकवला. युआन श्वांगचा धडा आला की ते वर्गात हमखास विचारायचे, ‘एवढ्या पोथ्या नेल्या, त्या ठेवल्या कुठे?’ उत्तर तुमच्या गावात उभं आहे. 645 साली तो 657 ग्रंथ घेऊन परतला आणि त्यांच्यासाठी 652 मध्ये हा रानहंसाचा मनोरा बांधला गेला. मातीच्या सैनिक-पुतळ्यांची फौज, जवळजवळ 14 किलोमीटरचा नगरकोट, सगळं आम्ही पाहिलं. पण बाबांचा जीव अडकला होता तो या मनोऱ्यात.

आणि नेमकं तिथेच मोबाइलवर तिकीट निघेना. पासपोर्टचा नंबर टाकला की पुढे काही सरकायचंच नाही. तासभर झाला, बाबांचे गुडघे दुखायला लागले. तुम्ही जवळच लांब दांड्याच्या कुंचल्याने फरशीवर पाण्याची अक्षरं काढत होतात. कुंचला बादलीत ठेवलात, आमचे पासपोर्ट घेतलेत आणि खिडकीवर उभे राहून तिकिटं काढून आणलीत.

एवढ्यावर निघून गेला असतात तरी आम्ही ऋणी राहिलो असतो. पण सात मजले बाबांना झेपणार नाहीत हे तुम्ही न सांगता ओळखलंत. त्यांचा हात धरून दक्षिण दारापाशी नेलंत, दोन्ही बाजूंच्या शिलालेखांसमोर. सम्राट ताय्‌त्सुंग आणि त्याच्या मुलाने युआन श्वांगच्या अनुवादांसाठी लिहिलेला मजकूर, 653 मध्ये कोरलेला. एक लेख उजवीकडून डावीकडे जातो, दुसरा डावीकडून उजवीकडे. हे तुम्ही हवेत बोट फिरवून दाखवलंत आणि बाबा लहान मुलासारखे हसले.

बाहेर आल्यावर तुम्ही फरशीवर युआन श्वांगचं नाव काढलंत. बाबांनी कुंचला मागून घेतला आणि खाली लिहिलं, ‘महाराष्ट्र’. तो आमच्याकडे, पुलकेशीच्या राज्यात, येऊन गेला होता हे नातीने फोनवर वाचून सांगितलं. इथली माणसं उपकार विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय हेसुद्धा. ऊन कडक होतं, अक्षरं वाळायला लागली. तेव्हा तुम्ही वाकून बाबांचा शब्द परत ओला केलात, आधी शिरोरेषा, मग एकेक अक्षर. काका, ते मला अजून दिसतं. बाबांचे डोळे भरून आले होते.

तुम्हाला मनापासून धन्यवाद.

बाबा आता रोज सकाळी अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाण्याने ती दोन चिनी अक्षरं गिरवतात. दुसऱ्या अक्षरावर अडतात. सोबत फोटो पाठवते आहे. कुठली रेघ चुकते ते तेवढं कळवा.

तुमची,
मास्तरांची मुलगी