गाणं मीच थांबवलं, पक्या

शहापूर, बेळगाव
रात्रीचा एक वाजून गेलाय

प्रिय पक्या,

दिवाळीपासून तुझे चार मिस्ड कॉल आहेत आणि मी एकदा पण उलट फोन केला नाही, त्याची माफी पहिली. फोनवर बोलायला घेतलं तर तू मधेच हसवणार आणि माझं सांगायचं राहणार, म्हणून लिहायलोय. आईचे गुडघे तसेच, थंडीत जास्त. माझी शुगर गोळीवर आहे. बाकी सगळे बरे.

मी गाणं थांबवलं रे. बघून, ठरवून थांबवलं.

संक्रांत झाल्यावर वडगावला हळदीकुंकू होतं, त्यात खेळ पैठणीचा, माईकवर मी, नेहमीचाच. दीडेकशे बायका. उखाणे झाले, फुगे झाले, ग्लासांचा मनोरा झाला (त्यात एका आजीबाईंनी काष्टा खोचून सगळ्या पोरींना हरवलं आणि वर ‘एवढंच होय?’ म्हणाल्या, तू असतास तर शिट्टीच मारली असतीस), आणि शेवटी संगीत खुर्ची. दोघी राहिल्या. एक माहेराला आलेली तरुण पोरगी, पायात एवढी चपळ की गाणं थांबायच्या आधीच खुर्चीत दिसायची. दुसरी पन्नाशीची, यंत्रमागावर कांड्या भरणारी. सुरुवातीला नाव विचारलं तर माईकपासून मागं सरकली. काय काम करता म्हटल्यावर हात पदराखाली घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्यांचं सूत भरलेली बाई, आणि पैठणीचा बॉक्स टेबलावर होता तिकडं तिनं एकदाच बघितलं, परत बघितलं नाही. ते एकदाच बघणं मला दिसलं.

तुला माहीत आहे, शेवटच्या राउंडला मी खुर्च्यांकडं पाठ करून उभा राहतो. माईक उजव्या हातातून डाव्या हातात घेतला की साऊंडवाला पोरगा गाणं कापतो. २००६ पासून असंच. का ते तुलाच माहीत, दुसऱ्या कुणाला मी कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मी वळलो. पोरगी खुर्चीच्या पाठीमागच्या बाजूला गेली, बाई बरोब्बर समोर आली, आणि मी हात बदलला.

बाई बसली. बसल्यावर पण तिला कळलंच नाही. मी बॉक्स पुढं केला तर कन्नडमधून म्हणते कशी, ‘ननगेनरी?’, मला काय हो? दोनदा विचारलं. सगळा मांडव टाळ्या वाजवायलाय आणि माझ्या पोटात गोळा. ती हरलेली पोरगी एक शब्द बोलली नाही, उलट पुढं येऊन तिनंच ती पैठणी बाईच्या खांद्यावर उलगडली, पदर नीट केला. तिच्या तोंडाकडं मला बघवेना.

आता तुला राकसकोप रोडचं ते नवरात्र आठवलं असणार. मला रोज आठवायलंय. आपला तिसरा का चौथा कार्यक्रम, तू सीडी प्लेअरवर, मी माईकवर, आणि तू त्या विधवा बाईसाठी गाणं थांबवलंस. मी सगळ्यांसमोर तुला ओरडलो, राउंड परत घेतला, आणि परतच्या राउंडला ती बाद झाली. चपला शोधत मांडवाबाहेर उभी होती ती, एक चपल सापडत नव्हती, आणि तू माईक नसताना पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, ‘तू बांदेकर नव्हंस, तू पोलीस हाईस.’ तीन महिने बोललो नाही आपण. तुझ्या बहिणीच्या साखरपुड्यात पण जिलेबी मला दुसऱ्याच्या हातून पाठवलीस, मर्दा, ते मी विसरलो नाही.

मी तेव्हा म्हणायचो की खेळ म्हणजे खेळ. अजून तेच म्हणतो. आणि तरी त्या दिवशी तुझ्यासारखंच केलं, म्हणजे तेव्हा तू बरोबर होतास काय? आणि तू बरोबर असशील तर त्या चपला शोधणाऱ्या बाईचं काय करायचं मी आता?

झोप नाही म्हणून मोबाईलवर वाचत बसतोय, असं अजून कुणी केलंय काय. तर अमेरिकेतला एक माणूस सापडला, जॅक बॅरी. आपल्याच धंद्यातला, टीव्हीवर गेम शो घेणारा. १९१८ चा जन्म. सुरुवात रेडिओवर, लहान पोरांना बोलावून त्यांच्याकडून दुसऱ्या पोरांच्या अडचणी सोडवून घ्यायचा, १९४६ ला. मग टीव्हीवर पोरांचा एक कार्यक्रम, विंकी डिंक. ऐकून घे, तुला आवडेल: टीव्हीच्या काचेवर प्लास्टिकचा कागद चिकटवायचा आणि कार्टूनमधल्या पोराला नदी ओलांडायची असली की घरातल्या पोरांनी खडूनं पूल काढायचा. कागद नसलेल्या पोरांनी सरळ काचेवरच रेघोट्या मारल्या म्हणे. आपल्या घरात झालं असतं तर तुझ्या आण्णांनी टीव्ही आणि आपण दोघं एकदमच बाहेर काढले असते.

मग १९५६ ला त्याचा ट्वेंटी-वन हा शो आला. दोन स्पर्धक काचेच्या दोन पेट्यांत, कानाला हेडफोन, एक ते अकरा गुणांचे प्रश्न, आधी एकवीस करेल तो जिंकला. पहिला एपिसोड खरा खेळवला आणि सपशेल पडला, कुणाला उत्तरंच येईनात. जाहिरातदार एक टॉनिकची कंपनी होती, ती भडकली, असलं परत दिसता कामा नये म्हणाली. तिथून सगळं सुरू झालं. डॅन एनराइट म्हणून बॅरीचा पार्टनर होता, त्यानं स्पर्धकांना प्रश्न आणि उत्तरं आधीच द्यायला सुरुवात केली. नुसती उत्तरं नव्हेत, घाम कधी पुसायचा, कुठं अडखळायचं, ते पण. हर्बर्ट स्टेम्पेल म्हणून एक गडी जिंकत होता, त्याला सांगितलं आता हर. प्रश्न होता १९५५ च्या ऑस्करच्या सिनेमाचा, उत्तर ‘मार्टी’, आणि तो सिनेमा त्याचा जीव की प्राण, तरी त्याला मुद्दाम दुसरं नाव घ्यायला लावलं. पक्या, पेटीत उभा राहून, येत असलेलं उत्तर गिळायचं. मी तिथं वाचायचं थांबलो आणि पाणी पिऊन आलो.

त्याच्या जागी कॉलेजात शिकवणारा देखणा चार्ल्स व्हॅन डोरेन जिंकला, १ लाख २९ हजार डॉलर घेऊन गेला, देशाचा लाडका झाला आणि १९५९ ला अमेरिकेच्या संसदेच्या समितीसमोर सगळं कबूल केलं. शो त्याच्या आधीच, १९५८ ला बंद पडलेला. १९६० ला त्यांना कायदाच करावा लागला, असल्या कार्यक्रमात लबाडी करायची नाही म्हणून.

आणि बॅरी? शिकवलं एनराइटनं, पण कळल्यावर झाकायला बॅरी पण होताच. जवळजवळ दहा वर्षं मोठ्या टीव्हीनं त्याला उभं केलं नाही, कॅनडात जाऊन कामं केली. मग हळूहळू परत आला, १९७२ ला जोकर्स वाइल्ड हा गेम शो सुरू केला आणि मधली दोनेक वर्षं सोडली तर १९८४ ला जाईपर्यंत तोच शो घेत होता, पळायला गेला असताना हार्ट अटॅक आला. लोकांनी परत घेतलं त्याला. पण तो पेटीसमोर उभा राहून प्रश्नांची कार्डं वाचताना त्याला आत काय होत असेल, ते कुठं लिहिलेलं नाही, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

माझं आणि त्याचं एक नाही, हे बायको म्हणते. पैसे खाल्ले नाहीस, गरिबाला साडी मिळाली, सोड. खरं आहे. पण माईक धरून ‘बघूया हं, आता कुणाचं नशीब’ म्हणालो ना मी, आणि नशीब माझ्या हातात होतं. त्या बाईला कळलं तर ती साडी नेसेल काय? आयुष्यात एकदा काहीतरी जिंकली ती, आणि ते मी दिलेलं निघालं तर?

तू म्हणायचास बांदेकर असता तर दिली असती. मला वाटतं नसती. २००४ ला होम मिनिस्टर सुरू झालं, झी मराठीचं नाव तेव्हा अल्फा होतं, तुमच्या घरात आपण रोज संध्याकाळी बघायचो, तुझी आजी टीव्हीतल्या भावोजींना चहा विचारायची. पैठणी एकीलाच, पण हरलेलीला पण दहा मिनिटं तो बोलतं करायचा, सासूकडून सुनेचं कौतुक काढून घ्यायचा. पुढं २००९ ला माहीमला निवडणूक हरला, तरी बायकांना तो भावोजीच. २०१२ ला कन्नड टीव्हीवर सिनेमातल्या पुनीत राजकुमारचा कोट्यधिपती आला तेव्हा पण तेच, घाबरलेल्या माणसाला तो आधी हसवायचा मग प्रश्न विचारायचा. पुनीत वारला त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मराठी बायका पण रडल्या. बोलतं करणं हे आपलं काम, जिंकवणं नव्हे. मी त्या बाईला बोलतं करू शकलो नाही पक्या. तिथंच कमी पडलो आणि साडी देऊन भरून काढलं.

आणि आता खरी गोष्ट. मांडव काढताना मंडळातला एक जण खांद्यावर हात टाकून म्हणाला, ‘सर, हात बदलताना बघितलं मी, भारी केलासा.’ मी हसून सोडलं. परवा त्याचा फोन. रथसप्तमीला त्यांच्या दुसऱ्या गल्लीत कार्यक्रम आहे, पैठणी एक दुकानदार द्यायलाय, त्याची सून खेळणार आहे, तेवढं बघा. ‘तुम्हाला जमतंय की.’ नाही म्हणालो तर म्हणतो, मग वडगावला कसं जमलं? काय सांगू त्याला? ती बाई गरीब होती म्हणून? मग कोण गरीब, कोण नाही, ते मी ठरवत बसू काय दर कार्यक्रमाला?

कार्यक्रम सोडून देणार होतो. मग वाटलं, सोडला तर दुसरा कुणीतरी येऊन हात बदलणार.

तुझं काय चाललंय? पोरीची बारावी यंदाच ना, तिला जास्त टोचू नका. फ्लॅटचा ताबा मिळाला काय? वहिनींना सांग कुंदा पाठवतोय, मागच्या वेळचा प्रवासात फुटलेला डबा माझ्या नावावर घालू नका, तो तुझ्या मेव्हण्यानं सीटखाली ठेवलेला.

आणि एक मागणं आहे. रथसप्तमीला ये. सकाळची गाडी पकडलीस तरी संध्याकाळच्या आत पोचतोस. साऊंडवर तू बस, भिंतीकडं तोंड करून, मी कुठलाही हात बदलणार नाही, तुझ्या मनाला येईल तेव्हा गाणं काप. सून जिंकली तर जिंकली. दुसऱ्या दिवशी आपण दोघं राकसकोप रोडला जाऊन येऊ, ती बाई अजून त्याच घरात असते काय बघायला. तिला काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही, तू बरोबर असलास तर सुचेल.

येतोस की नाही ते उद्याच कळव, साऊंडवाल्याला सांगावं लागेल.

तुझाच,
संज्या