कॅम्पला जाणं म्हणजे बंक नव्हे

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

माझी मुलगी एसवाय बीएस्सीला आहे आणि एनसीसीत, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेत, तिचं दुसरं वर्ष चालू आहे. तिला आर्मीत ऑफिसर व्हायचंय. आम्ही विक्रोळीला राहतो. शनिवारी रात्री घरात युनिफॉर्मला स्टार्च, इस्त्री, बूट पॉलिश, बेल्टच्या बक्कलला चकाकी असा कार्यक्रम असतो आणि रविवारी परेड असली की ती साडेचारला उठते. जाताना लोकल मिळते, पण येताना मेगाब्लॉक लागलेला असतो त्यामुळे घरी यायला दुपारचे दोन वाजतात, जेवते आणि जर्नल लिहायला बसते. याबद्दल तिची काही तक्रार नाही आणि माझीही नाही.

तक्रार कॉलेजबद्दल आहे. मागच्या वर्षी तिचा दहा दिवसांचा अ‍ॅन्युअल ट्रेनिंग कॅम्प होता आणि त्याच दहा दिवसांत दोन विषयांच्या इंटर्नल, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा, झाल्या. जायच्या आधीच तिने एनसीसी युनिटचं पत्र ऑफिसात दिलं होतं. परत आल्यावर ऑफिसने तिला सांगितलं की अ‍ॅबसेंट म्हणजे अ‍ॅबसेंट, हे तुमचे छंद आहेत, आम्ही काय करणार. दोन्ही विषयांत इंटर्नलला शून्य लागलं आणि एटीकेटी आली, म्हणजे ते विषय पुन्हा द्यायचे. मी भेटायला गेले तर मला नियम दाखवला. हजेरी ७५ टक्के पाहिजे हा नियम मलाही माहितीये, पण एनसीसीतही परेडची हजेरी ७५ टक्केच लागते आणि कॅम्प केल्याशिवाय सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही, मग मुलीने नक्की कुठे गैरहजर राहायचं? एनसीसी काही बाहेरचा क्लब नाही, १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली संघटना आहे आणि २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (युजीसी) स्वतः विद्यापीठांना सांगितलं की हा विषय क्रेडिटसह इलेक्टिव्ह म्हणून द्या. एका हाताने क्रेडिट द्यायचं आणि दुसऱ्या हाताने शून्य, हे मला पटत नाही.

ज्यांच्या घरात कोणी फौजेत नाही त्यांना हे सर्टिफिकेट एवढं महत्त्वाचं का ते कळत नाही, मलाही दोन वर्षांपूर्वी कळलं नव्हतं. आमच्या चाळीत आर्मी म्हटलं की लोकांना भरती आठवते, मैदानावर धावणारी मुलं आठवतात. कॉलेजातल्या एनसीसीच्या वाटेनेही ऑफिसर होता येतं हे फार जणांना माहितीच नाही. तिसऱ्या वर्षी एनसीसीच्या सगळ्यात वरच्या, सी सर्टिफिकेटची परीक्षा असते, त्यात किमान बी ग्रेड पाहिजे आणि पदवीला ५० टक्के. एवढं असलं आणि वय १९ ते २५ मध्ये असलं की एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून अर्ज करता येतो, लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीला, बोलावणं येऊ शकतं. निवड झाली तर चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे ऑफिसर घडवणाऱ्या आर्मीच्या अकादमीत, ४९ आठवड्यांचं ट्रेनिंग, त्या काळात महिन्याला ५६,१०० रुपये स्टायपेंड, आणि बाहेर पडताना खांद्यावर लेफ्टनंटचे स्टार. ओटीएतून ऑफिसर व्हायचा दरवाजा मुलींसाठी १९९२ पासून उघडा आहे, बारावीनंतरच्या एनडीएत मुली २०२२ मध्ये गेल्या. माझ्या मुलीची बारावीला ती संधी हुकली, तिचा आता हाच रस्ता आहे आणि त्यात पदवीचे ५० टक्के मोजले जातात, म्हणून त्या दोन शून्यांचा मला एवढा त्रास होतोय.

शेजारचे काका म्हणाले, तिथे निवड व्हायला ओळख लागते. मला ते खटकलं म्हणून मी मुलीकडून सगळं समजून घेतलं. एसएसबी पाच दिवस चालते, पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग, त्यात एक चित्र बघून गोष्ट लिहायची आणि मग ग्रुपमध्ये चर्चा, बरीच मुलं त्याच दिवशी घरी परततात. पुढे ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, त्यात वाक्य लिहायचं. अर्ध्या तासात ६० प्रसंगांची उत्तरं. मग मैदानात फळ्या, दोर, ड्रम घेऊन सगळ्यांनी मिळून अडथळे पार करायचे, वेगळा इंटरव्ह्यू, आणि शेवटच्या दिवशी सगळे अधिकारी बसून कॉन्फरन्स. यात ओळख कुठे चालणार? तिथे जे बघतात ते एका रात्रीत पाठ होत नाही, ते कॅम्पातच अंगात येतं. अनोळखी वीस मुलींबरोबर तंबूत राहणं, पॉइंट टू टू रायफलने फायरिंग, मॅप रीडिंग, आजारी पडलेल्या मैत्रिणीची ड्युटी स्वतः करणं. कॅम्पहून आल्यापासून माझी मुलगी समोरच्याचं पूर्ण ऐकून मग बोलते, आधी असं नव्हतं.

मराठी मीडियमच्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते, तिलाही वाटते, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी लोकलमध्ये रोज दादर येईपर्यंत इंग्रजीतच बोलतात. आपल्या राज्य सरकारचं नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीची तयारी फुकट करून घेतात, राहणं-जेवणही फुकट. ही माहिती कॉलेजच्या नोटीस बोर्डावर का लागत नाही? क्लासवाल्यांच्या जाहिराती तर रोज लागतात.

माझी विनंती साधी आहे. विद्यापीठाने सगळ्या कॉलेजांना एकच लेखी सूचना द्यावी की युनिटचं पत्र असलेल्या कॅडेटची इंटर्नल आणि प्रॅक्टिकल कॅम्पनंतर पंधरा दिवसांत पुन्हा घ्यावी आणि ते दिवस हजेरीत धरावेत. मार्क फुकट द्या असं कोणी म्हणत नाही, परीक्षा द्यायला मुलं तयार आहेत. काही शिक्षक स्वतःहून असं करतातही, कॉलेजात एनसीसी बघणाऱ्या आमच्या एएनओ मॅडमनी तर दोन वेळा स्टाफरूममध्ये जाऊन विनंती केली, पण शिक्षकाच्या मनावर सोडलं की एका मुलीला न्याय मिळतो आणि दुसरीला मिळत नाही.

पुढच्या महिन्यात तिचा दुसरा कॅम्प आहे. प्रॅक्टिकलचं टाइमटेबल अजून लागलेलं नाही. ते लागायच्या आत हे पत्र छापलंत तर उपकार होतील.

आपली,
एका कॅडेटची आई, विक्रोळी